विषाणू शांत, कात्री चालू

पारोळ्याकडच्या एका ओळखीच्या माणसाने परवा विचारलं, "माले दम लागस भाऊ, टीबी उलटना का?" एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या नियमित, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नाही, बेडक्यात टीबी नाही. बिडी मात्र सुटलेली नाही. घरच्यांनी कोजागरीच्या दम्याच्या खिरीचं ठरवूनही टाकलंय. खीर जरूर खावी, पण विरलेलं फुफ्फुस चांदण्याने सांधत नाही.

एचआयव्ही हा रक्तातला रोग, रिपोर्ट चांगला आला की संपलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वायुकोशांत राहणाऱ्या भक्षक पेशींमध्येही हा विषाणू दडतो. या पेशींचं काम झाडलोटीचं: धूळ, जंतू, पऱ्हाट्यांच्या चुलीचा धूर गिळायचा. गोळ्या नव्या पेशींची लागण रोखतात, आधीच लागण झालेली पेशी मारत नाहीत.

आता खरी गंमत. वायुकोशांच्या भिंतीत इलास्टिन नावाचे रबरासारखे तंतू असतात. श्वास सोडताना फुफ्फुस आपोआप आकसतं ते त्यांच्यामुळे, आणि बारीक श्वासनलिका बाहेरून ताणून उघड्या ठेवतात तेही तेच. हे तंतू बहुतेक बालपणीच विणले जातात आणि जन्मभर पुरवायचे असतात. भक्षक पेशींकडे ते कापणारी कात्री असते, एमएमपी-१२ नावाचं विकर. एरवी ती म्यानात राहते. धूर तिला बाहेर काढतो, आणि विषाणूमुळे चेतलेली पेशी ती जास्तच चालवते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची कात्री वेगळी. तिला आवरणारं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन एमएमपी-१२ कापते, आणि एमएमपी-१२ ला आवरणारं टिम्प ती न्यूट्रोफिलची कात्री कापते. चोरांनी एकमेकांचे पहारेकरी मारावेत, तसं! तंतू तुटले की नलिका मिटतात, हवा आत अडकते. म्हणून अशा रोग्याला श्वास घेण्यापेक्षा सोडणं जड जातं. हाच एम्फिसिमा.

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, वय आणि धूम्रपान सारखं असलेल्या दोन गटांत, एचआयव्ही असलेल्या १५ टक्के लोकांना एम्फिसिमा होता. नसलेल्यांत २ टक्के.

आधी होऊन गेलेल्या टीबीचे व्रणही दम लावतात. छातीच्या साध्या फोटोत सुरुवातीचा एम्फिसिमा चुकू शकतो, म्हणून त्या ओळखीच्या माणसाला स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुफ्फुसाची तपासणी) करायला सांगितलंय. आणि दम्याचा पंप लिहून देणाऱ्या डॉक्टरांना एआरटीचं कार्ड न लाजता दाखवायला. गोळ्यांत रिटोनाविर असेल, तर पंपातलं फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड शरीरात साठत जातं. चेहरा सुजतो, साखर वाढते.