ब्रश स्क्रिप्ट की मिस्ट्रल? एक दुकानाचा हात, एक माणसाचा

‘जरा हाताने लिहिल्यासारखं दिसू दे,’ असं गिऱ्हाईक म्हणालं की डीटीपीवाला बहुतेक वेळा ब्रश स्क्रिप्ट किंवा मिस्ट्रल हा इंग्रजी फॉन्ट निवडतो. दोन्ही मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर घरोघरी पोचले, दोन्हींची स्मॉल अक्षरं जोडलेली. मग एक काय नि दुसरा काय, असं वाटतं. पण त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

ब्रश स्क्रिप्ट १९४२ चा, रॉबर्ट ई. स्मिथ यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्स या टाइप बनवणाऱ्या कंपनीसाठी केलेला. शाईने भरलेल्या कुंचल्याचे जाड, उजवीकडे झुकलेले फटकारे. हा सराईत पेंटरचा हात आहे. अमेरिकेतल्या जाहिरातदारांनी आणि दुकानदारांनी तो लगेच उचलला. म्हणूनच आजही तो त्या काळाची आठवण देतो. जुन्या वळणाची बेकरी, शीतपेय, सेलचा फलक इथे तो शोभतो.

मिस्ट्रल १९५३ चा, फ्रान्समधल्या मार्सेयच्या फाँदरी ओलिव्ह या टाइप कंपनीचा. रॉजे एक्सकोफाँ यांनी तो स्वतःच्या हस्ताक्षरावरून घडवला आणि त्याला दक्षिण फ्रान्समधल्या सोसाट्याच्या वाऱ्याचं नाव दिलं. अक्षरं जवळजवळ उभी, कडा खरबरीत, शेपट्या लांब. घाईत लिहिलेल्या चिठ्ठीसारखी. खरी करामत जोडणीत आहे. शिशाच्या टाइपात, म्हणजे जुन्या छापखान्यातल्या खिळ्यांत, प्रत्येक अक्षर सुटं ओतलेलं असतं, शेजारी कोण येणार हे आधी ठरलेलं नसतं. तरी रेघ अखंड वाहायची, तर एका अक्षराची बाहेर जाणारी रेघ पुढच्याच्या आत येणाऱ्या रेघेला नेमक्या उंचीवर भेटली पाहिजे. एवढ्या काटेकोर बांधणीतूनही अक्षर बेफिकीर वाटतं, हे मला फार मोठं काम वाटतं.

म्हणून या दोन्हींत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. सांधे लगेच उघडे पडतात. सगळं कॅपिटलमध्येही लिहू नका. कॅपिटल अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला मिरवायला केलेली आहेत, रांगेत उभी केली की वाचता येत नाहीत. मिस्ट्रलची स्मॉल अक्षरं मुळात लहान आहेत, तेव्हा तो नेहमीपेक्षा मोठ्या आकारात घ्या. परिच्छेदासाठी दोन्ही नकोत.

माझा कौल असा: दुकान बोलत असेल तर ब्रश स्क्रिप्ट, माणूस बोलत असेल तर मिस्ट्रल. कॅफेच्या पाटीवर मालकिणीचं नाव तिच्या सहीसारखं हवं असेल, तर मिस्ट्रलच.

मराठी मजकुराला मात्र दोन्ही निरुपयोगी, कारण त्यांत देवनागरी नाहीच. युनिकोडमध्ये टाइप केलंत तर संगणक गुपचूप दुसराच फॉन्ट लावतो. देवनागरीत इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ मोफत मिळतो. त्याचं वळण तिरकं आणि मोकळं आहे, पण ते पेनाचं किंवा स्केचपेनचं, कुंचल्याचं नव्हे. कुंचल्याचाच जोर हवा असेल, तर ती ओळ सुलेखनकाराकडून लिहून घ्यावी.