फाइल-गुणधर्मांचे आंतरप्रणालीय रूपांतर

फाइल केवळ वाचनापुरती आहे की बदलता येते, यादीत दिसते की लपलेली आहे, ती कोणी चालवावी आणि ती शेवटची केव्हा बदलली, ही मजकुराबाहेरची माहिती म्हणजे फाइलीचे गुणधर्म. प्रत्येक परिचालन प्रणाली ही माहिती आपापल्या पद्धतीने साठवते. त्यामुळे फाइल एका प्रणालीतून दुसरीत जाताना मजकूर जसाच्या तसा पोहोचला तरी गुणधर्म वगळले जातात किंवा त्यांचा अर्थ पालटतो.

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉस प्रणालीच्या परंपरेत हे गुणधर्म एका बाइटात मावतात. फॅट या तिच्या फाइल-साठवण पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाइलीची ३२ बाइटांची नोंद असते आणि नावाच्या ११ बाइटांनंतर लगेच हा बाइट येतो. केवळ-वाचन, लपलेली, प्रणालीची व अर्काइव्ह (म्हणजे बॅकअप घेणे बाकी असलेली) या चार खुणा त्यातल्याच. त्यांपैकी काहींचा उगम डॉसपूर्वीच्या सीपी/एम प्रणालीत असावा. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत केवळ-वाचन व प्रणाली या खुणा नावाच्या तीन अक्षरी विस्तारातील अक्षरांच्या सर्वांत वरच्या, एरवी रिकाम्या राहणाऱ्या बिटांत ठेवल्या जात.

युनिक्समध्ये मालक, गट व इतर यांच्यासाठी वाचन, लेखन व चालवणे अशी नऊ बिटे असतात. लपलेपणासाठी मात्र बिटच नाही. टिंबाने सुरू होणारे नाव यादीत दाखवले जात नाही, एवढेच. ही योजना हेतुपुरस्सर केलेली होती असा समज रूढ असला, तरी बेल लॅब्समध्ये युनिक्सवर काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये दिलेला खुलासा अधिक ग्राह्य वाटतो: एक टिंब व दोन टिंबे या डिरेक्टरीतील दोन नोंदी वगळण्यासाठी यादी देणाऱ्या आज्ञेत पहिले अक्षर टिंब आहे का, एवढेच तपासले गेले आणि त्यातून ही प्रथा नकळत पडली.

या दोन परंपरांची गाठ सांबा या सॉफ्टवेअरमध्ये स्पष्ट दिसते. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९०च्या दशकाच्या प्रारंभी ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या या सॉफ्टवेअरमुळे युनिक्स सर्व्हरवरील फाइली विंडोज संगणकांना वापरता येतात. एखादी फाइल चालवण्याजोगी आहे का हे विंडोज बहुतांशी नावाच्या विस्तारावरून ठरवत असल्याने युनिक्सची तीन ‘चालवणे’ बिटे सांबाने उसनी घेतली: अर्काइव्ह मालकाच्या, प्रणाली गटाच्या आणि लपलेली इतरांच्या बिटात. यांपैकी मूळ मांडणीत, म्हणजे कोणी काही बदलले नसेल तर, फक्त पहिली जुळवणी चालू असते, आणि नव्या फाइलीच्या परवानग्यांवरील ०७४४ हा मूळ मुखवटाही (कोणती बिटे राहू द्यायची हे ठरवणारा आकडा) ‘चालवणे’ बिटांपैकी तेवढेच टिकू देतो. परिणामी विंडोजवरून जतन केलेले साधे पत्रसुद्धा युनिक्सच्या यादीत चालवण्याजोगे दिसते. आणि युनिक्सवर कोणी ते बिट काढले, तर बॅकअपसाठीची अर्काइव्ह खूणच पुसली जाई. यावर उपाय म्हणून हे गुणधर्म फाइलीच्या विस्तारित गुणधर्मांत, म्हणजे फाइलीसोबत साठवल्या जाणाऱ्या जादा नोंदींत, वेगळे लिहिण्याची सोय झाली. २०१८ च्या ४.९ आवृत्तीपासून ती मूळ मांडणीतच चालू आहे. फाइलपद्धतीला विस्तारित गुणधर्मांचा आधार असेल, तर हाच मार्ग श्रेयस्कर.

केवळ-वाचन ही खूण वरवर सोपी वाटते, परंतु डॉस परंपरेत ती पुसण्यालाही प्रतिबंध करते. युनिक्समध्ये फाइल पुसण्याची मुभा तिच्यावर नव्हे, तर ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या लेखन-परवानगीवर अवलंबून असते.

वेळेची नोंदही अशीच फसवी असते. फॅट पद्धतीत शेवटच्या बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्याने आणि कालविभागाचा उल्लेख न करता स्थानिक वेळेत लिहिली जाते. म्हणून भारतात सकाळी १० वाजता पेनड्राइव्हवर लिहिलेली फाइल, ती वेळ जागतिक प्रमाणवेळ समजणाऱ्या यंत्रावर भारतीय वेळेनुसार दुपारी साडेतीनची दिसते. प्रतींची तुलना करणाऱ्या आर्सिंक या साधनात सेकंदाची तफावत क्षम्य मानण्याचा पर्याय आहे. साडेपाच तासांचा फरक मात्र डिस्क जोडतानाच कालविभाग सांगून टाळावा लागतो.