‘रामदास’ बोट गोव्याला निघाली नव्हती
1947 साली बुडालेली ‘रामदास’ आगबोट चाकरमान्यांना घेऊन गोव्याकडे निघाली होती, असे आजही अनेक जण ठामपणे सांगतात. ते चुकीचे आहे. दक्षिण कोकणची बोटवाहतूक पावसाळ्यात बंदच असे. 1936 साली बांधलेली ही बोट 17 जुलैच्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून सुटली ती रेवसला, म्हणजे अगदी जवळच्या बंदराला. काशाच्या खडकाजवळ वादळी पावसात ती कलली, भेदरलेले प्रवासी एकाच बाजूला धावले आणि पाठोपाठच्या लाटेने ती उलटली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. त्यामुळे, आणि हेच फार वेदनादायक आहे, मुंबईच्या इतक्या जवळ घडूनही दुर्घटनेची खबर बंदरात तासन्‌तास पोचली नाही. वाचलेल्यांपैकी कित्येकांना मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी पाण्यातून ओढून काढले; मृतांचा आकडा मात्र 600 च्या वर गेला.