डेस्कटॉप स्लीपवर ठेवावा, हायबरनेट करावा की बंद?

विंडोजचा नवा डेस्कटॉप बसवून दिला की ग्राहक हा प्रश्न हमखास विचारतात.

स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क, पंखे थांबतात. उघड्या फाइली मात्र रॅममध्येच असतात आणि रॅमला जागं ठेवण्यापुरती थोडी वीज लागत राहते. बटण दाबलं की काही सेकंदांत काम जिथल्या तिथे. हायबरनेटमध्ये रॅममधला मजकूर सी ड्राइव्हवर एका फाइलीत लिहिला जातो आणि संगणक बंद होतो. मग प्लग काढला तरी बिघडत नाही. सुरू व्हायला स्लीपपेक्षा जास्त वेळ लागतो, एवढंच.

डेस्कटॉपवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं: लॅपटॉपसारखी बॅटरी इथे नाही. स्लीपमध्ये असताना लाइट गेली आणि यूपीएसही संपला, तर सेव्ह न केलेलं सगळं गेलं. यावर विंडोजमध्ये हायब्रिड स्लीपची सोय आहे: मजकूर रॅममध्येही राहतो आणि डिस्कवरही उतरतो. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये आपल्या प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा आणि ‘स्लीप’खाली पाहा. काही मशीनवर हा पर्याय दिसत नाही. तिथे तासाभरासाठी उठताना स्लीप आणि रात्री हायबरनेट, असं आम्ही सुचवतो. सेव्ह करून उठायची सवय तर हवीच.

मेनूत हायबरनेट दिसत नसेल, तर पॉवर ऑप्शन्समध्येच ‘पॉवर बटण काय करेल’ या पानावर आधी बंद असलेल्या सेटिंग्ज बदलायची लिंक दाबा आणि खाली हायबरनेटवर टिक करा. डिस्कवर जागा हवी म्हणून कुणी हायबरनेट मुळातूनच बंद केलं असेल, तर हायब्रिड स्लीपही चालत नाही. जागा करायचे दुसरे मार्ग आहेत, हा सोडा.

आता शटडाउन. विंडोज ८ पासून (२०१२) फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर शटडाउन करताना तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ बघा. रोज बंद होणारा संगणकही कित्येक दिवस चालू असल्याचं दिसेल. म्हणून प्रिंटर किंवा आवाज रुसला, तर शटडाउन नाही, रीस्टार्ट करा. आमच्याकडे फोन करण्याआधीसुद्धा!

स्क्रीनसेव्हरने वीज वाचत नाही. त्याऐवजी दहा मिनिटांनी स्क्रीन बंद होईल असं लावा.

राहिली रात्री आपोआप जागं होण्याची तक्रार. टेबलाला धक्का लागून माऊस हलला तरी काही संगणक उठतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊसवर डबल क्लिक करून ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये जा आणि संगणक जागा करण्याची परवानगी काढून घ्या, कीबोर्डची राहू द्या. नेटवर्क कार्डालाही तेच करा, मात्र बाहेरून संगणक सुरू करत असाल तर त्याला हात लावू नका. तरीही उठत असेल, तर ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये ‘स्लीप’खालचे वेक टायमर बंद करा.