कच्चं लिंबू

१९१६ साली न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात मानसशास्त्रज्ञ लेटा हॉलिंगवर्थ आपल्या विद्यार्थ्यांना बुद्धिमापनाचं प्रात्यक्षिक दाखवत होत्या. समोरच्या आठेक वर्षांच्या मुलाने चाचणीतले प्रश्न संपवले, तरी त्याची बुद्धी पुरती मोजून झाली नाही. बुद्ध्यांक भरला १८७. हॉलिंगवर्थबाई ते मूल विसरल्या नाहीत. १९३९ मध्ये त्या गेल्या, तोवर १८० च्या वरची जेमतेम बारा मुलं त्यांना सापडली होती.

अभ्यास या मुलांना जड नव्हता. त्यांना खेळगडी मिळत नव्हते.

तेव्हाच्या रीतीने बुद्ध्यांक म्हणजे मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले शंभर. म्हणजे १५० बुद्ध्यांकाचं आठ वर्षांचं मूल बारा वर्षांच्या मुलासारखा विचार करतं. हात मात्र आठ वर्षांचेच, आणि रडू येतं तेही आठ वर्षांच्या मुलासारखंच. ते खेळाला नवेनवे नियम जोडत जातं. बरोबरीची पोरं कंटाळून उठतात. मोठ्या मुलांत गेलं, तर कच्चं लिंबू! मग ते कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसतं आणि आपण कौतुकाने म्हणतो, ‘किती शहाणं आहे, कुणाला त्रास नाही.’ मला या वाक्याची फार भीती वाटते.

बाईंच्या निरीक्षणानुसार साधारण १२५ ते १५५ बुद्ध्यांकाची मुलं मित्रांत सहज मिसळतात, पुढारपणही करतात. १७० च्या पुढे दरी रुंदावते. अशा मुलाचा नेहमीच्या वर्गातला जवळजवळ सगळाच वेळ वाया जातो, असं त्यांनी लिहिलं.

१९३६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्याच स्पेयर शाळेत अशा तल्लख मुलांचे वर्ग भरवले. नेहमीचा अभ्यासक्रम अर्ध्या वेळात आटपायचा. उरलेल्या वेळात अन्न, कपडे, घरं, वाहनं, म्हणजे रोजच्या वस्तू माणसाने कशा घडवल्या, ते मुलांनीच शोधायचं आणि एकमेकांसमोर मांडायचं. पुढच्या इयत्तेचं गणित आधीच उरकण्यापेक्षा मला हे कितीतरी मोलाचं वाटतं, कारण तिथे मुलाला त्याच्या तोडीचा वाद घालणारं कुणीतरी भेटतं. पुण्यात अप्पा पेंडशांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, तेव्हा बुद्धिमान मुलांना एकत्र आणून त्यांच्या बुद्धीला समाजाशी जोडण्याचाच विचार होता.

प्रत्येक गावात अशी शाळा कुठून असणार? पण चौथीतलं आणि सातवीतलं मूल आठवड्यातून दोन तास एकाच टेबलाशी बसवायला वेगळी इमारत लागत नाही. एक बुद्धिबळाचा पट, वाचनालयाची किल्ली आणि दोघांचीही नावं ठाऊक असलेल्या बाई, एवढं पुरतं.