आयर्लंडमधल्या कोविड अनलॉकची राजकीय जबाबदारी

कोविडच्या काळात आयर्लंडमध्ये निर्बंध कधी आणि किती उठवायचे, पब-रेस्टॉरंट आधी उघडायची की एकमेकांच्या घरी जाणं-येणं आधी सुरू करायचं, असे जे निर्णय झाले त्यांची उत्तरं कोणी द्यायची, कोणासमोर द्यायची आणि निर्णय चुकला तर खुर्ची कोणाची जायची, हा तिथल्या राजकारणातला अजून न मिटलेला विषय आहे. त्यात सगळ्यात जास्त बोललं जातं ते डिसेंबर 2020 च्या अनलॉकबद्दल, कारण त्यानंतर जानेवारीत जे झालं ते त्या देशाने आधी पाहिलं नव्हतं. आणि नियम मोडणाऱ्यांच्या खुर्च्या फटाफट गेल्या, पण निर्णय घेणाऱ्यांपैकी एकाचीही गेली नाही, हे या विषयाचं सगळ्यात खटकणारं अंग आहे.

आधी निर्णय कोण घेत होतं ते बघू. आरोग्य खात्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी टोनी होलोहन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची एक समिती होती, तिला सगळे नेफेट म्हणायचे. नेफेट पत्र लिहून सल्ला द्यायची आणि शेवटचा निर्णय कॅबिनेट घ्यायचं. कायद्याने नियम काढायचा अधिकार आरोग्यमंत्र्याकडे होता, 1947 च्या हेल्थ अ‍ॅक्टमध्ये मार्च 2020 मध्ये घाईघाईने दुरुस्ती करून तो दिलेला. असे नियम संसदेसमोर नंतर ठेवले जायचे आणि सभागृहाच्या बैठकीच्या 21 दिवसांच्या आत रद्दही करता यायचे, पण तोवर ते लागू होऊन लोकांची दुकानं बंद-चालू झालेली असायची, म्हणजे संसदेची तपासणी निर्णयाच्या मागून धावत यायची.

सरकारही नवंकोरं होतं. फेब्रुवारी 2020 ला निवडणूक झाली, कोणालाच बहुमत नाही, मग फिअना फॉल, फिना गेल आणि ग्रीन पार्टी असं तीन पक्षांचं सरकार जून 2020 च्या शेवटी बसलं. मिहॉल मार्टिन पंतप्रधान, ज्याला तिकडे टीशक म्हणतात, आणि लिओ वराडकर उपपंतप्रधान. हे तेच वराडकर ज्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, 2019 च्या डिसेंबरात ते तिथे येऊनही गेले होते आणि आपल्याकडे त्याचं भरपूर कौतुक झालं होतं. कौतुक ठीकच, पण त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात वादाचा काळ त्यानंतर सुरू झाला, तो आपल्याकडे फारसा कोणी वाचला नाही.

पहिल्या अनलॉकपासूनच नियमांमध्ये विचित्र तडजोडी दिसतात. जून 2020 च्या शेवटी पब उघडले, पण फक्त जेवण देणारे, आणि गिऱ्हाईकाने किमान 9 युरोचं भरपेट जेवण घेतलंच पाहिजे अशी अट. नुसती दारू देणारे पब बंदच. डब्लिनमधले तसले पब तर मार्च 2020 ते 2021 चा उन्हाळा एवढा काळ बंद राहिले. मध्ये एकदा तर कुठल्या गिऱ्हाईकाने काय खाल्लं याची नोंद 28 दिवस जपून ठेवा असाही नियम काढला, त्यावर हॉटेलवाले भडकले. 9 युरोची प्लेट समोर असली की विषाणू लागत नाही का, असं लोक उघड विचारायचे आणि त्याचं नीट उत्तर कोणी दिलं नाही.

सप्टेंबर 2020 मध्ये सरकारने पाच पायऱ्यांचा प्लॅन काढला, लेव्हल 5 म्हणजे जवळपास पूर्ण लॉकडाऊन. 4 ऑक्टोबरला नेफेटने सांगितलं, सगळा देश थेट लेव्हल 5 वर न्या. दुसऱ्या दिवशी सरकारने ते नाकारून लेव्हल 3 जाहीर केली, आणि त्याच रात्री वराडकर टीव्हीवर जाऊन बोलले की या सल्ल्याचा नीट विचारच झालेला नव्हता. देशाचा उपपंतप्रधान प्राइम टाइमला आपल्याच मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला असं झापतो हे लोकांना नवीन होतं. काहींना ते आवडलंही, कारण निवडून आलेल्या माणसाने डॉक्टरांच्या मागे लपायचं नाही हेही खरंच आहे की. पण तीन आठवडेही झाले नाहीत तोवर, 21 ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपासून, सरकारला तीच लेव्हल 5 लावावी लागली.

आता डिसेंबर. सहा आठवड्यांच्या लॉकडाऊनने आकडे खाली आणले होते, युरोपात आयर्लंडची स्थिती त्यावेळी चांगल्यांपैकी होती. नेफेटने नोव्हेंबरच्या शेवटी लिहिलं की नाताळात घरोघरी भेटायची मुभा द्यायची असेल तर रेस्टॉरंट आणि पब बंद ठेवा, दोन्ही एकदम नको. सरकारने दोन्ही दिलं. 1 डिसेंबरला दुकानं, 4 डिसेंबरला रेस्टॉरंट आणि जेवण देणारे पब, 18 डिसेंबरपासून तीन घरांनी एकत्र भेटायची परवानगी. लोक थकले होते, धंदेवाले बुडाले होते आणि नाताळ तिथे आपल्या गणपती-दिवाळीसारखा, त्यामुळे नाही म्हणणं कुठल्याच नेत्याला सोपं नव्हतं हे मान्य करायलाच पाहिजे. पण सल्ला लेखी होता, स्पष्ट होता, आणि तो बाजूला ठेवला गेला हेही तितकंच खरं.

24 डिसेंबरला दुपारी 3 वाजता रेस्टॉरंट पुन्हा बंद करावी लागली आणि वर्ष संपायच्या आत देश परत लेव्हल 5 मध्ये गेला. 8 जानेवारी 2021 ला एका दिवसात 8,248 केसेस जाहीर झाल्या, 50 लाखांच्या देशात! त्या आठवड्यात लोकसंख्येच्या मानाने जगात सगळ्यात जास्त नवे रुग्ण आयर्लंडमध्ये होते. हॉस्पिटलमध्ये दोन हजारांवर पेशंट, पहिल्या लाटेच्या दुपटीहून जास्त, आणि त्या एका महिन्यात हजाराहून अधिक मृत्यू जाहीर झाले. यातले कितीतरी वृद्ध नर्सिंग होममधले होते, आणि लस देशात 26 डिसेंबरला येऊन पोचली होती. म्हणजे थोडे आठवडे कळ काढली असती तर त्यातली बरीच माणसं लशीपर्यंत पोचली असती, आणि हा विचार केला की हा विषय नुसत्या पॉलिसीचा राहत नाही.

सरकारची बाजू अशी की ब्रिटनमधून आलेला नवीन व्हेरिएंट, ज्याला पुढे अल्फा नाव पडलं, तो कोणालाच आधी दिसला नव्हता. यात तथ्य आहे, पण अर्धं. नाताळच्या सुमाराला तपासलेल्या नमुन्यांत तो साधारण दहात एक होता, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जवळपास निम्म्यात. म्हणजे लाट त्याने वाढवली, पण ती चढायला लागली ती लोकांच्या भेटीगाठींनी, आणि त्या भेटीगाठींना परवानगी कॅबिनेटने दिली होती.

याच्या शेजारी गोल्फगेट ठेवून बघा. 18 ऑगस्ट 2020 ला सरकारने घरातल्या भेटीगाठींवर कडक मर्यादा जाहीर केल्या, आणि दुसऱ्याच दिवशी गॉलवे काउंटीतल्या क्लिफडनच्या हॉटेलात संसदेच्या गोल्फ सोसायटीचं डिनर झालं, 80 च्या आसपास माणसं, मधे पार्टिशन टाकून हॉल दोन भागात केलेला. कृषिमंत्री दारा कॅलेरी तिथे होते, आदल्या दिवशी नियम ठरवणाऱ्या कॅबिनेटमध्येही होते. त्यांनी 21 तारखेला राजीनामा दिला, मंत्री होऊन जेमतेम महिना झाला होता. सिनेटचे उपाध्यक्ष जेरी बटिमर यांनीही पद सोडलं, आणि युरोपियन युनियनचे ट्रेड कमिशनर फिल होगन यांना आठवडाभर रोज नवीन खुलासे देऊन शेवटी 26 तारखेला जावं लागलं. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती शेमस वूल्फही तिथे होते, सरन्यायाधीशांनी सांगूनही त्यांनी पद सोडलं नाही. आयोजनावरून चौघांवर खटला चालला, ते सगळे फेब्रुवारी 2022 मध्ये निर्दोष सुटले.

जेवणाला जाणं चूक होतं आणि राजीनामे योग्यच होते असं माझं मत आहे, लोक आईवडिलांच्या अंत्यविधीला मोजकीच माणसं जमवत असताना हे चालणार नव्हतं. पण हॉटेलातलं जेवण एका माणसाचं असतं, त्याच्यावर बोट ठेवता येतं. अनलॉकचा निर्णय सगळ्या कॅबिनेटचा असतो. घटनेच्या कलम 28 प्रमाणे सरकार संसदेच्या खालच्या सभागृहाला, म्हणजे डॉलला, सामुदायिकरीत्या जबाबदार आहे, आणि त्याच कलमात कॅबिनेटच्या चर्चा गुप्त ठेवायचंही बंधन आहे. त्यामुळे नेफेटची पत्रं वेबसाइटवर कोणालाही वाचता येतात, पण त्या पत्रावर कॅबिनेटमध्ये कोण काय बोललं, कोणी विरोध केला, कोणी पबवाल्यांची बाजू लावली, हे बाहेर येत नाही. सगळे जबाबदार म्हणजे एकेकट्याला कोणी विचारायचं नाही असंच प्रत्यक्षात झालं.

जानेवारीचा धसका सरकारने घेतला हे पुढे दिसतं. 2021 मध्ये डेल्टाच्या भीतीने रेस्टॉरंटच्या आत बसायची परवानगी 5 जुलैवरून 26 जुलैला ढकलली आणि तीही लशीचं सर्टिफिकेट दाखवून. 22 जानेवारी 2022 पासून जवळजवळ सगळे निर्बंध उठले तेव्हा मात्र नेफेट आणि सरकार एका सुरात होते, आणि महिन्याभरात नेफेटच बरखास्त झाली.

मतपेटीतून हिशेब झाला का? नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत फिअना फॉलला सगळ्यात जास्त 48 जागा मिळाल्या, मार्टिन पुन्हा टीशक झाले, आणि कॅलेरीही जानेवारी 2025 मध्ये कॅबिनेटमध्ये परतले. कोविडकाळातले आरोग्यमंत्री स्टीफन डॉनेली यांची विकलोतली जागा गेली आणि ग्रीन पार्टी 12 वरून 1 वर आली, पण प्रचार घरांच्या किमती आणि महागाईवर चालला होता, त्यामुळे याला डिसेंबर 2020 च्या अनलॉकवरचा निकाल म्हणणं ओढूनताणून होईल.

राहिली चौकशी. ब्रिटनने कायद्याखाली चौकशी बसवली, साक्षीदारांना शपथेवर बोलावलं, मंत्र्यांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज वाचून दाखवले. आयर्लंडने 2024 च्या शेवटी प्रोफेसर अ‍ॅन स्कॉट यांच्या अध्यक्षतेखाली आढावा पॅनेल नेमलं, ज्याला साक्षीदाराला सक्तीने बोलवायचा अधिकार नाही, आणि हेतू धडे घेण्याचा आहे, दोष देण्याचा नाही असं सुरुवातीलाच सांगितलं. कॅबिनेटची गुप्तता सार्वजनिक हितासाठी उठवायचा रस्ता घटनेत आहे, पण त्यासाठी रीतसर नेमलेल्या ट्रिब्युनलने, म्हणजे कायदेशीर अधिकार असलेल्या चौकशी आयोगाने, हायकोर्टात जावं लागतं, आणि हे पॅनेल तसलं ट्रिब्युनल नाही. नर्सिंग होममध्ये माणसं गमावलेली कुटुंबं म्हणूनच अजून कायदेशीर अधिकार असलेली चौकशी मागतायत.