आरोग्य साक्षरता : कोकणातील आदिवासी व अल्पसंख्याक तरुण

आरोग्यविषयक माहिती मिळवणे, ती समजून घेणे, तिची पारख करणे आणि स्वतःच्या व घरच्यांच्या प्रकृतीबाबत निर्णय घेताना ती वापरणे, या चार क्षमतांना मिळून आरोग्य साक्षरता म्हणतात. प्रस्तुत नोंद कोकण किनारपट्टी व तिला लागून असलेल्या सह्याद्रीच्या उतारावरील कातकरी, ठाकर, वारली, गवळी धनगर, कोकणी मुसलमान इ. समाजांतील तरुणांपुरती आहे. हे समाज कायद्याच्या दृष्टीने एका गटात बसत नाहीत. कातकरी, ठाकर व वारली या अनुसूचित जमाती आहेत. त्यांपैकी कातकरी ही कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक होय. धनगर भटक्या जमातींच्या यादीत आहेत, तर कोकणी मुसलमान धार्मिक अल्पसंख्याक आहेत.

संज्ञेचा उगम : ही संज्ञा प्रथम १९७४ मध्ये अमेरिकेतील स्कॉट सायमंड्स यांनी शालेय आरोग्यशिक्षणाच्या संदर्भात वापरली, असे सामान्यतः मानले जाते. आरंभीचा अर्थ मर्यादित होता : शाळेच्या प्रत्येक इयत्तेत आरोग्यविषयक किमान ज्ञान किती असावे, एवढाच. पुढे रुग्णालयांना संज्ञेचा उपयोग दिसला आणि रुग्णाला औषधाची चिठ्ठी वाचता येते का, या प्रश्नापाशी ती काही काळ अडकली. या काळातील मोजपट्ट्याही त्याच धर्तीच्या आहेत. १९९३ च्या एका चाचणीत रुग्णाकडून ६६ वैद्यकीय इंग्रजी शब्द मोठ्याने वाचून घेतले जातात. २००५ च्या दुसऱ्या एका चाचणीत आइसक्रीमच्या वेष्टनावरील पोषणतक्ता पुढे ठेवून प्रश्न विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये आपल्या परिभाषाकोशात व्याख्या व्यापक केली. सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक डॉन नटबीम यांनी २००० मध्ये तिचे तीन स्तर पाडले : कार्यात्मक (वाचून कळणे), संवादात्मक (विचारता येणे, बोलता येणे) आणि चिकित्सक (आपल्या आजारामागची परिस्थिती ओळखून ती बदलू पाहणे). सोरेन्सन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये उपलब्ध १७ व्याख्या एकत्र तपासून वर दिलेल्या चार क्षमतांची मांडणी केली.

कोकणातील वाड्यांचा विचार करताना नटबीम यांचे वर्गीकरण अधिक उपयोगी ठरते. आइसक्रीमच्या वेष्टनाची चाचणी वीटभट्टीवरच्या तरुणाला लावली, तर हाती काहीच लागणार नाही. मराठी ‘साक्षरता’ शब्दाचीही अडचण आहे. त्यात ‘अक्षर’ आहे, आणि जनगणनेची साक्षरतेची व्याख्याही सात वर्षांवरील व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येण्याचीच आहे. त्यामुळे अक्षरओळख झाली की आरोग्याचे कळू लागते, हा समज बळावतो. काही जण ‘आरोग्यभान’ हा शब्द सुचवतात. अर्थाला तो जवळचा असला, तरी रूढ झालेला नाही.

वयाची मर्यादा : ‘तरुण’ कोणाला म्हणावे यावरही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटना १० ते २४ हा गट धरते, भारताचे २०१४ चे युवा धोरण १५ ते २९. त्याच वर्षी सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम मात्र १९ व्या वर्षी संपतो. त्याअंतर्गत महाराष्ट्रात चालणारी ‘मैत्री’ केंद्रे किशोरवयीन मुलामुलींसाठी आहेत. कातकरी वाडीत लग्ने लवकर होतात. विशीतल्या आईपर्यंत आशाताई पोहोचते ती बहुधा गरोदरपण, बाळंतपण व लसीकरणाच्या निमित्ताने. त्याच घरातल्या विशीतल्या बापाकडे कोणी वळत नाही.

कातकरी तरुण व स्थलांतर : जमातीचे नाव खैराच्या लाकडापासून काथ काढण्याच्या धंद्यावरून आले, हे मत बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे, ‘काथोडी’ हे रूपही त्याला पुष्टी देते. ब्रिटिश अमदानीत जंगले सरकारी ताब्यात गेल्यावर, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, हा धंदा मोडत गेला आणि कोळसा पाडणे व विटा पाडणे ही कामे पदरी आली. पावसाळ्यात मालकाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर भट्टीवर जायचे, पावसाच्या तोंडाशी परतायचे, असे वर्षाचे चक्र आहे. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो, म्हणजे जवळपास भट्टीच्या हंगामाएवढाच. ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या देशव्यापी सरकारी नोंदणीमुळे उपचार दुसऱ्या केंद्रावर हलवता येतो. पण हे रुग्णाला ठाऊक हवे आणि वाडी सोडण्यापूर्वी कोणी सांगायला हवे. उचल डोक्यावर असताना मुकादमाचा टेम्पो दारात आला, की त्या दिवशी जावेच लागते.

दवाखान्यातल्या गोळ्यांच्या पाकिटावर बहुधा १–०–१ असे लिहिलेले असते : सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. भट्टीवर काम पहाटेच्या अंधारात, चिखल तुडवण्यापासून सुरू होते. ऊन चढले की जोडपे झोपडीत येऊन पहिली भाकरी खाते, थोडे आडवे होते आणि कलत्या उन्हात पुन्हा साच्यापाशी बसते. ‘सकाळी जेवणानंतर’ ही गोळी मग कधीची? काम सुरू होताना पोट रिकामे असते आणि भाकरीच्या वेळी सकाळ सरलेली असते. आठवी शिकलेली मुलगीही इथे अडते. आकडे तिला वाचता येतात, पण त्या आकड्यांमागचा दिवस तिचा नाही. लोहाच्या गोळ्यांचेही असेच. त्यांनी शौच काळी होते, हे आधी सांगितले नाही, तर गोळी ‘बाधली’ असे समजून पाकीट झोपडीच्या कुडात खोचले जाते आणि तिथेच राहते.

विंचूदंश : या विषयातील कोकणचा सर्वांत बोलका अनुभव ही संज्ञा इकडे येण्याआधीचा आहे. रायगड जिल्ह्यात बिरवाडी व महाड येथे काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाची लक्षणे बारकाईने नोंदवली आणि रक्तदाबावर वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यावर गुणकारी ठरते, हे दाखवले. १९८० च्या दशकात हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आल्याचे सांगितले जाते. येथे महत्त्वाचा मुद्दा वेदनेच्या अर्थाचा आहे. दंशाची जागा भयंकर ठणकते, पण बाकी काही होत नाही, तो रुग्ण सहसा सुखरूप असतो. उलट वेदना फारशी नाही, मात्र दरदरून घाम, उलट्या व हातपाय गार पडणे दिसते, तेव्हा विष हृदयापर्यंत भिनत असते. ठणका कमी झाला म्हणजे विष उतरले, असे समजून भगताकडे बसून राहिलेल्या कुटुंबाचे मोलाचे तास याच गैरसमजात जातात. घाम आणि गार हातपाय ही खूण सरपण, दगड, पेंढा रोज हाताळणाऱ्या तरुणाला सांगायला अक्षरे लागत नाहीत.

सिकलसेल : हा आईवडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार होय, त्यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले, आदिवासी भागांत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. ‘वाहक’ (आजाराचे जनुक एकाच पालकाकडून मिळालेली व्यक्ती) ही कल्पना समजावणे सर्वांत कठीण जाते, कारण वाहक आजारी दिसत नाही. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ‘चारात एक’ ऐकून पहिले मूल आजारी निघाले तर पुढची तीन सुटली, असा हिशोब मांडला जातो. तो चुकीचा आहे. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. लग्न जमवण्याच्या वयात हे कळणे अत्यंत गरजेचे आहे.

कोकणी मुसलमान तरुण : म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड, खेड, दापोली या पट्ट्यांतील घरांत कोकणी बोली बोलतात. अनेकांचे शिक्षण उर्दू माध्यमात होते, आरोग्यकेंद्रातील फलक मराठीत असतात आणि औषधाची चिठ्ठी इंग्रजीत. आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रात ‘मेडिकल’ करावे लागते. त्यात एचआयव्ही, कावीळ ब व क यांच्या तपासण्या आणि छातीचा एक्स-रे असतो. बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा व्रणही ‘अनफिट’ ठरण्यास पुरतो. त्यामुळे खोकला लांबला तरी तपासणी टाळावी, असा धाक तरुणांत निर्माण होतो. हा धाक अज्ञानातून आलेला नाही. क्ष-किरणात काय दिसते आणि त्याची किंमत काय, हे या मुलांना नेमके ठाऊक असते. चिकित्सक स्तरावरील जाण कधी उपचाराच्या विरुद्धही जाऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

अन्य समाज : सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या धनगरवाड्यांना रस्त्याचा प्रश्न प्रथम आहे, पावसाळ्यात रुग्णाला डोलीतून खाली आणावे लागते. सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात २०१६ पासून गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या माकडतापाची साथ दिसली. काजूच्या बागांत राबणाऱ्यांना गोचीड कशी ओळखावी, हे तेव्हापासून शिकवले जाऊ लागले. मुरूड-जंजिऱ्याच्या परिसरातील सिद्दी समाज संख्येने अत्यल्प आहे. अलिबाग परिसरातील बेने इस्रायलींपैकी बहुतेक १९४८ नंतरच्या काळात इस्रायलला गेले. कुडाळजवळील पिंगुळीच्या ठाकरांकडे चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. चित्रे एकामागून एक पुढे धरून कथा सांगण्याची ही रीत न वाचणाऱ्या श्रोत्यांसमोर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आरोग्याची माहितीही तिच्यातून सांगता येण्यासारखी आहे.